मासाब्येलच्या कपारीतले पाणी

वांद्र्याच्या टेकडीवर दर सप्टेंबरात मोतमाउलीची जत्रा भरते. चढणीच्या कडेला मेणबत्त्यांची दुकाने लागतात आणि त्यांत मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळे ओळीने मांडून ठेवलेली दिसतात. ज्याचा पाय दुखतो त्याने पाय घ्यावा, जिला मूल हवे तिने बाळ घ्यावे आणि मातेपुढे नेऊन ठेवावे. घेणारे सगळेच ख्रिस्ती असतात असे मुळीच नाही. हिंदू, पारशी, मुसलमान, सारेच त्या चढणीला लागतात. नवस ही काय चीज आहे हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. तो कुणापुढे बोलावा याबाबतही आपला समाज फारसा कडक कधी नव्हता.

आजाऱ्याला बरे करणे हे तर ख्रिस्ती धर्माच्या पायातच आहे. येशूच्या चरित्रातून रोगी वगळले तर शुभवर्तमानाची निम्मी पाने कोरी पडतील. कुष्ठरोगी, आंधळे, पक्षाघाताने खाटेवर पडलेले, बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेली आणि गर्दीतून हळूच त्याच्या वस्त्राचा काठ शिवणारी ती बाई, बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी पडलेला तो माणूस, हे सगळे आपल्याकडेही जुने परिचयाचे आहेत. फादर स्टीफन्सने १६१६ साली छापलेल्या आपल्या ख्रिस्तपुराणात येशूचे चरित्र मराठी ओवीत गायिले, तेव्हापासून ते या भाषेत नांदत आहेत. पुढे ख्रिस्ती जगातच या बाबतीत दोन तट पडले. कॅल्व्हिनसारखे सुधारक म्हणाले, रोग बरे करण्याची ती देणगी पहिल्या प्रेषितांपुरती होती, ती केव्हाच संपली. रोमन चर्च म्हणाले, संपलेली नाही; मात्र प्रत्येक दाव्यावर विश्वास ठेवायला आम्ही मोकळे नाही, तपास करू. या 'तपास करू'चा इतिहास मोठा रंजक आहे, आणि तो जिथे सर्वांत ठळकपणे घडला ते ठिकाण म्हणजे फ्रान्समधले लूर्द.

पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी वसलेले हे गाव १८५८ साली चारेक हजार वस्तीचे होते. जवळून वाहणाऱ्या नदीला तिकडे 'गाव'च म्हणतात. त्या मुलखात डोंगरी नद्यांचे ते सामान्यनामच आहे. मराठी वाचकाने गोंधळून जाऊ नये. या गाव नदीच्या काठी मासाब्येल नावाचा एक खडक आहे. मासाब्येल म्हणजे जुना खडक. त्याच्या पोटात कपार, आणि त्या कपारीत तेव्हा डुकरे आसऱ्याला यायची. चांगल्या घरची माणसे तिकडे फिरकत नसत.

फ्रांस्वा सुबिरू हा तिथला एक गिरणीवाला. नदीच्या पाण्यावर चालणारी त्याची पिठाची गिरणी होती. माणूस भला, पण व्यवहारात कच्चा. उधारी वसूल करणे त्याला जमले नाही. गिरणी हातची गेली, कामे तुटपुंजी मिळू लागली, आणि शेवटी नवरा-बायको व चार मुले असे कुटुंब एका अंधाऱ्या खोलीत येऊन पडले. ती खोली पूर्वी गावचा तुरुंग होती. कोंदट असल्यामुळे कैद्यांनाही नको म्हणून सरकारने सोडून दिलेली. १८५७ साली पीठ चोरल्याच्या संशयावरून फ्रांस्वाला काही दिवस खऱ्या तुरुंगातही राहावे लागले. पुरावा काही निघाला नाही. पण गावात जी नाचक्की व्हायची ती झाली. थोरली मुलगी बर्नादेत, जन्म ७ जानेवारी १८४४. १८५५ च्या पटकीच्या साथीतून ती कशीबशी वाचली आणि दमा मात्र कायमचा घेऊन बसली. चौदा वर्षांची झाली तरी तिला लिहिता-वाचता येत नव्हते. फ्रेंच धड कळत नव्हते, कारण घरची बोली निराळी.

११ फेब्रुवारी १८५८, गुरुवार. घरात सरपण नव्हते. बर्नादेत, तिची धाकटी बहीण आणि एक मैत्रीण, अशा तिघी काटक्या गोळा करायला मासाब्येलकडे गेल्या. मध्ये ओढ्याचे थंडगार पाणी होते. दोघी पोरी त्यातून पलीकडे गेल्या. दमेकरी बर्नादेत अलीकडेच राहिली आणि मग धीर करून पायमोजे काढू लागली. तेवढ्यात वाऱ्याच्या झोतासारखा आवाज झाला. तिने वर पाहिले, तर कपारीच्या वरच्या कोनाड्यात एक मुलगी उभी. शुभ्र वस्त्र, निळा कमरपट्टा, दोन्ही पावलांवर एकेक पिवळा गुलाब.

ही मरिया माता होय असे बर्नादेत त्या दिवशी म्हणाली नाही, आणि पुढे कित्येक आठवडेही म्हणाली नाही. आपल्या बोलीत ती त्या आकृतीला 'आकेरो' म्हणे. आकेरो म्हणजे 'ते'. इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतरकाराची या शब्दापाशी तारांबळ उडते. आपल्याकडे नपुंसकलिंग शाबूत असल्यामुळे त्यातले संकोचाचे, सावधपणाचे अंग आपल्याला चटकन समजते. आणखी एक गोष्ट बर्नादेतच्या मनात ठसून राहिली. पुढचे पंधरा दिवस इथे येण्याची कृपा कराल का, असे त्या बाईने तिला विचारले. आणि ते अहो-जाहो करून विचारले. तुरुंगाच्या खोलीत राहणाऱ्या, बापावर चोरीचा आळ आलेल्या त्या पोरीला तोवर कुणी अहो म्हटले नव्हते. दर्शनाच्या खरेखोटेपणाविषयी कुणाचे काही मत असो, या एका तपशिलापाशी थांबल्यावाचून राहवत नाही.

१६ जुलैपर्यंत अशी अठरा दर्शने झाली. पोलीस अधिकारी जाकोमे याने २१ फेब्रुवारीला तिला बसवून उलटसुलट प्रश्न विचारले, मुद्दाम चुकीचे वाचून दाखवले. दर वेळी तिने चूक दाखवून दिली. गावचे धर्मगुरू पेरामाल हे तर तापट गृहस्थ; त्यांनी तिला प्रथम हाकलूनच दिले. त्या बाईला नाव विचार, म्हणाले. २५ मार्चला नाव मिळाले: 'मी निष्कलंक गर्भसंभव आहे.' ते शब्द विसरू नयेत म्हणून पोरगी वाटभर घोकत पेरामालांच्या दारी आली. मरियेचा स्वतःचा गर्भसंभव आदिपापापासून मुक्त होता, हा सिद्धान्त पोप नवव्या पायसने अवघ्या चार वर्षांपूर्वी, १८५४ मध्ये, जाहीर केला होता. या अडाणी मुलीला त्याचा अर्थ माहीत असणे कठीण, असे पेरामालांनी धरले, आणि तिथून ते वळले. कानावरून शब्द गेला असेल, असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत.

आपल्या विषयाचा धागा मात्र २५ फेब्रुवारीपासून लागतो. त्या दिवशी बर्नादेत कपारीत गुडघ्यांवर रांगत गेली, हाताने चिखल उकरू लागली, गढूळ पाणी तीनदा टाकून देऊन चौथ्यांदा प्याली, आणि वर तिथला पालाही खाल्ला. तोंडभर चिखल माखलेला. जमलेल्या लोकांत हळहळ पसरली, काहींनी सरळ म्हटले, पोर वेडी झाली. झऱ्यावर जा आणि पाणी पी, धू, असे तिला सांगितले होते म्हणे; आणि झरा तर कुठे दिसत नव्हता. पण उकरलेल्या जागी पाणी येतच राहिले, हळूहळू निवळले. झरा नव्याने फुटला की गाळाखाली होता तो मोकळा झाला, यावर पुष्कळ शाई सांडली आहे. पाणी आहे, आणि आजतागायत वाहते आहे.

मग माणसे ते पाणी नेऊ लागली. लूबाजाक गावची कातरीन लातापी ही शेतकरीण १ मार्चच्या पहाटे आली. झाडावरून पडून तिच्या उजव्या हाताची दोन बोटे दीड वर्षे आखडली होती. पाण्यात हात घातला आणि बोटे सुटली. बाई नऊ महिन्यांची गरोदर होती. त्याच दिवशी परत जाऊन ती बाळंत झाली. तो मुलगा पुढे धर्मगुरू झाला. लुई बूरिएत या खाणीतल्या पाथरवटाचा डोळा सुरुंगाच्या स्फोटात गेला होता, त्याला दिसू लागले. बूओर्त नावाच्या गरीब बाईने आपले मरायला टेकलेले लहान मूल ऐन झऱ्याच्या बर्फासारख्या पाण्यात बुडवून धरले. बघ्यांना वाटले, दुःखाने वेडी झालेली आई मुलाला मारते आहे. ते मूल जगले. इतके जगले की १९३३ साली रोममध्ये बर्नादेतला संतपद दिले तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा तो म्हातारा समारंभाला हजर होता. त्या बाळाला नेमका कोणता रोग होता, हे आज कुणीही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकणार नाही. जुन्या चमत्कारांची हीच अडचण असते. बरे झालेला माणूस समोर उभा असतो, पण कशातून बरा झाला ते कागद नसतात.

सरकारने या साऱ्या प्रकाराला आवर घालायचा आपल्या परीने प्रयत्न केला. डॉक्टरांकडून मुलीची तपासणी करवली. तिला कोंडून ठेवण्याजोगे काही त्यांना सापडले नाही. १५ जूनला कपारीपुढे फळ्या ठोकल्या. लोकांनी त्या काढल्या, पुन्हा ठोकल्या, पुन्हा काढल्या. ऑक्टोबरात खुद्द सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या हुकुमाने जागा मोकळी झाली. दरम्यान गावच्या पुढाऱ्यांच्या मनात निराळेच बेत शिजत होते. पिरेनीजमध्ये औषधी पाण्याची कुंडे असलेली गावे श्रीमंतांच्या येण्याजाण्याने गबर झाली होती. आपल्याही पाण्यात औषधी क्षार निघाले तर? पहिला अहवाल तसा अनुकूलही आला. पण तूलूझचे प्राध्यापक फियोल यांनी ऑगस्ट १८५८ मध्ये पाणी तपासून सांगितले की हे डोंगराळ भागातले साधे पिण्याचे पाणी आहे, यात औषधी गुण नाही. नगरपित्यांची निराशा झाली आणि भाविकांना बळ मिळाले. पाण्यात काही नाही, तर बरे होणे कुठून येते?

तार्ब येथील बिशप लॉरांस यांनी जुलै १८५८ मध्ये चौकशीमंडळ नेमले. साडेतीन वर्षे चौकशी चालली. १८ जानेवारी १८६२ रोजी बिशपनी दर्शने खरी मानली आणि बरे झाल्याची सात प्रकरणे मान्य केली. कितीतरी दावे आले होते, त्यांतले सातच.

१८६६ साली लूर्दला आगगाडी पोहोचली आणि चित्र पालटले. १८७३ पासून पॅरिसहून राष्ट्रीय यात्रा निघू लागली, पुढे खास आजाऱ्यांच्या गाड्या आल्या. क्षयाने खंगलेले, मणका मोडलेले, इस्पितळांनी हात टेकलेले असे शेकडो जीव लाकडी बाकांवर आडवे होऊन दोन-दोन दिवस प्रवास करीत. त्यांना उचलायला, आंघोळ घालायला, भरवायला स्वयंसेवक असत. त्यांच्यासाठी १८८५ मध्ये एक सेवासंघच निघाला. त्यात सरदार घराण्यातली माणसे स्ट्रेचरचे दांडे खांद्यावर घेत. पंढरीच्या वाळवंटात जातपात विसरल्याचे आपण सांगतो, तसेच काहीसे हे.

गर्दी वाढली तसे दावेही वाढले. कुणी उठून बसले की जयघोष, वर्तमानपत्रात बातमी, आणि आठवड्याने तोच माणूस पुन्हा अंथरुणावर. याने चर्चचीच शोभा होत होती. तेव्हा १८८३ मध्ये डॉक्टर द्यूनो द सेंमाक्लू यांनी तिथे वैद्यकीय नोंदणी कचेरी काढली. बरे झालो म्हणणाऱ्याने आधी या कचेरीत यावे, आपल्या गावच्या डॉक्टरचा दाखला दाखवावा, तपासून घ्यावे. पुढे डॉक्टर ब्वासारी यांनी तिला शिस्त लावली. त्यांचा एक नियम फार मोलाचा ठरला. कोणत्याही धर्माचा, कोणत्याही मताचा, अगदी नास्तिक डॉक्टरसुद्धा तिथे येऊन रोग्याला स्वतः तपासू शकतो. तो नियम आजही चालू आहे. आपल्या इकडच्या किती देवस्थानांनी असे दार उघडे ठेवले असते, असा एक खोचक प्रश्न मनात येतो. पण सणासुदीच्या दिवसांत तो राहू द्यावा.

कसोटी कोणती, तर ती त्याहून दीडशे वर्षे जुनी. प्रॉस्पेरो लांबेर्तिनी हे अठराव्या शतकातले कार्डिनल, पुढे चौदावे बेनेडिक्ट या नावाने पोप झाले. मोठे चोखंदळ गृहस्थ. धर्मसत्तेची रेवडी उडवणाऱ्या व्होल्तेरनेदेखील आपले एक नाटक त्यांना अर्पण केले होते. संतपद देण्यापूर्वी चमत्कार कसे पारखावेत यावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. रोग गंभीर हवा. आपोआप उतरणीला लागलेला नको. औषध दिलेले नसावे, किंवा दिले असल्यास ते फसलेले असावे. बरे होणे अचानक हवे, पुरते हवे, आणि टिकाऊ हवे. लूर्दच्या डॉक्टरांनी हीच चाळणी घेतली. त्यातून पार पडल्यावरसुद्धा डॉक्टर 'चमत्कार' हा शब्द उच्चारत नाहीत. आजच्या वैद्यकाला याचा उलगडा होत नाही, एवढेच ते लिहून देतात. चमत्कार म्हणायचे की नाही हे रोग्याच्या गावचा बिशप ठरवतो. पुष्कळदा बिशपही गप्प बसतो.

१८९२ च्या ऑगस्टमध्ये या कचेरीत एक नामांकित पाहुणा आला: कादंबरीकार एमिल झोला. वही घेऊन तो आजाऱ्यांच्या गाडीबरोबर फिरला, स्नानाची कुंडे पाहिली, त्यातले दिवसभर न बदललेले गढूळ पाणी पाहून शहारला. शेवटच्या अवस्थेतली क्षयाची रोगी मारी लब्रांशू आणि चेहरा रोगाने कुरतडलेली मारी लमारशां या दोघी बऱ्या झाल्याचे त्याला त्याच कचेरीत दाखवण्यात आले. १८९४ साली त्याची 'लूर्द' कादंबरी निघाली. तीत क्षयाची ती बाई 'ला ग्रीव्होत' या नावाने येते. बरी होते, आनंदाने नाचते, आणि परतीच्या गाडीतच रोग उलटून पुन्हा रक्त ओकू लागते. खरी मारी लब्रांशू तेव्हा पॅरिसमध्ये धडधाकट हिंडत होती. ब्वासारी खवळले. त्यांनी पॅरिसला सभा भरवून बऱ्या झालेल्या बायका लोकांपुढे उभ्या केल्या. पात्रे माझी आहेत, त्यांना जगवावे की मारावे हे मी ठरवीन, अशा आशयाचे झोलाचे उत्तर होते. लब्रांशू १९२० पर्यंत जगली. आता कादंबरीकाराला एवढी मोकळीक असतेच, हे कबूल. पण डोळ्यांनी पाहिले तेच लिहितो अशी ज्याची प्रतिज्ञा, त्याने नेमक्या याच ठिकाणी डोळे मिटावेत हे खटकते. त्यासाठी कादंबरी टाकाऊ ठरत नाही. आजाऱ्यांच्या गाडीचे वर्णन त्याच्याइतक्या कळवळ्याने फार थोड्यांनी केले असेल. चर्चने ती निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातली आणि तिचा खप काही कमी झाला नाही.

त्याच सुमारास पॅरिसचे विख्यात मज्जातज्ज्ञ शार्को यांनी श्रद्धेने रोग बरा होण्यावर एक निबंध लिहिला. ते भाविक नव्हते, तरी आपले काही रोगी लूर्दला पाठवीत असत. मनाच्या आघाताने आलेला लुळेपणा, आंधळेपणा, वाचा जाणे, यांवर श्रद्धेचा उपचार खरोखर चालतो, असे त्यांचे म्हणणे. श्रद्धेने तुटलेला अवयव मात्र उगवत नाही. आनातोल फ्रान्सने हेच थट्टेत सांगितले. बऱ्या झालेल्यांनी कपारीत टांगून ठेवलेल्या कुबड्या पाहून त्याने विचारले की यात एकही लाकडी पाय कसा नाही? थट्टा बोचरी आहे, आणि तिला आजवर कुणी चोख उत्तर दिलेले नाही.

मग आलेक्सी कारेल. याची हकीकत एखाद्या कादंबरीत शोभावी अशी. ल्यों शहरातला हा तरुण शस्त्रवैद्य मे १९०२ मध्ये एका सहकाऱ्याऐवजी आजाऱ्यांच्या गाडीबरोबर गेला. गाडीत मारी बाई नावाची तरुणी होती. (बाई हे तिचे आडनाव.) घरची माणसे क्षयाने गेलेली, तिच्याही पोटात क्षयाचे पाणी झालेले, शस्त्रक्रिया करायला डॉक्टर राजी नाहीत. कारेलने वाटेत तिला मॉर्फीन टोचले. लूर्दला पोहोचेल की नाही अशी तिची अवस्था होती. २८ मेच्या दुपारी तिला कुंडात बुडवायचे धाडस झाले नाही, म्हणून पोटावर फक्त पाणी ओतले. कारेल शेजारी उभा राहून वेळ टिपत होता. अर्ध्या-पाऊण तासात फुगलेले पोट सपाट झाले, नाडी सुधारली, संध्याकाळी मुलगी उठून बसून बोलू लागली. पुढे ती रोग्यांची सेवा करणाऱ्या जोगिणींच्या संघात गेली आणि १९३७ पर्यंत जगली.

कारेलने जे पाहिले ते सांगितले, पण चमत्कार म्हणाला नाही. झाले, दोन्हीकडून मार. भाविक चिडले की हा शंका घेतो. ल्योंचे वैद्यकवाले चिडले की हा भोळसट झाला. त्या विद्यापीठात आपल्याला जागा मिळत नाही असे पाहून १९०४ मध्ये त्याने देश सोडला. अमेरिकेत रक्तवाहिन्या शिवण्याच्या कलेत त्याने क्रांती केली आणि १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळवले. लूर्दचा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर, १९४९ मध्ये छापला गेला. त्यात स्वतःचे नाव त्याने उलटे करून 'लेरॅक' असे घातले आहे. मात्र या माणसाला संत करण्याची घाई नको. याच कारेलने १९३५ च्या आपल्या ग्रंथात काही गुन्हेगारांना विषारी वायूने संपवावे असे थंडपणे लिहून ठेवले आहे. मरणाऱ्या मुलीशेजारी घड्याळ धरून उभा असलेला तरुण आणि हा लेखक एकच, हे पचवणे जड जाते.

आणि मारी बाईचे प्रकरण? नोबेल विजेत्याची साक्ष असूनही चर्चने ते चमत्कार म्हणून मान्य केलेले नाही. पोट फुगण्याला निव्वळ मानसिक कारण असू शकते, आणि ती शक्यता त्या वेळी पुरेशी तपासून बाद केली गेली नव्हती, असे पुढच्या डॉक्टरांचे मत पडले. लूर्दवर टीका करणाऱ्यांनी सहसा याचा उल्लेख केलेला आढळत नाही. खरे तर लूर्दच्या बाजूने सर्वांत बोलका पुरावा हाच आहे.

याउलट, मान्य झालेली सगळीच प्रकरणे इतकी काटेकोर नाहीत. बेल्जमचा मजूर पीएर द रुदर याचा पाय १८६७ मध्ये झाड कोसळून मोडला. आठ वर्षे हाडे सांधली नाहीत, आणि १८७५ मध्ये गेंट शहराजवळ ओस्ताकर येथे, लूर्दच्या नमुन्यावर केलेल्या कपारीपुढे, ती एकाएकी सांधली असे सांगतात. त्याच्या मृत्यूनंतर हाडे उकरून पाहिली, सांधा दिसला. पण सांधा एका क्षणात झाला हे हाडे कशी सांगणार? ते साक्षीदारांनीच सांगायचे, आणि साक्षी पुष्कळशा मागाहून गोळा केलेल्या. १९५७ साली डोनाल्ड वेस्ट या इंग्रज डॉक्टराने अलीकडची अकरा मान्य प्रकरणे घेऊन त्यांचे कागद तपासले, आणि वैद्यकीय पुरावा अपुरा आहे असा निकाल दिला. त्यानंतर इटलीच्या व्हित्तोरियो मिकेली या सैनिकाचे प्रकरण आले. कर्करोगाने त्याच्या कमरेचे हाड खाऊन टाकले होते. १९६३ मध्ये तो लूर्दला गेला, आणि पुढच्या क्ष-किरण चित्रांत हाड पुन्हा भरून आलेले दिसले. १९७६ मध्ये हे प्रकरण मान्य झाले. इथे कागद भरपूर आहेत. पण कर्करोग क्वचित आपण होऊन मागे हटतो, हेही वैद्यकाला ठाऊक आहे.

आकडे सांगायचे तर, आजवर सातएक हजार माणसांनी आपण बरे झाल्याचे कचेरीत येऊन सांगितले. त्यांतली १८५८ पासून २०२५ पर्यंत चमत्कार म्हणून मान्य झालेली प्रकरणे बहात्तर. यात्रेकरू कोट्यवधी. जे हातपाय आखडलेले आले ते तसेच परत गेले, हे बहुतेकांच्या बाबतीत खरे. तरी ते पुन्हा येतात. आजारी माणसाला घरात जे मिळत नाही ते तिथे मिळते, असे जाऊन आलेले सांगतात. रस्त्यावर त्याच्या गाडीला पहिली वाट मिळते, धडधाकटांनी थांबायचे. संध्याकाळच्या दिव्यांच्या मिरवणुकीत तो सर्वांपुढे असतो.

आणि बर्नादेत? तिने पैसा घेतला नाही, कुणी हात लावून बरे कर म्हटले तर ती चिडे. १८६६ मध्ये नेव्हेरच्या मठात जोगीण होऊन गेली ती परत लूर्दला आली नाही. १८७६ मध्ये मोठ्या चर्चचा अर्पणविधी झाला, लाखभर लोक लोटले, ती नव्हती. मठात रोग्यांची शुश्रूषा तिने केली, मग स्वतःच रोगी झाली. दमा होताच, गुडघ्याच्या हाडाला क्षय लागला. आपले मठातले काम म्हणजे आजारी पडणे, असे ती हसून सांगे. तिने दाखवलेल्या पाण्याच्या आशेवर जग चालले असता १६ एप्रिल १८७९ रोजी खुर्चीत बसल्या बसल्या पस्तिसाव्या वर्षी ती वारली. या जगात तुला सुखी करीन असे वचन मी देत नाही, पुढच्या जगात करीन, असे त्या बाईने तिला तिसऱ्याच भेटीत सांगितले होते. आपल्यापुरता तिने त्या सांगण्याचा अर्थ अगदी शब्दशः घेतलेला दिसतो.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीत लूर्दचे दरवाजे बंद झाले, इतिहासात पहिल्यांदाच. आजाऱ्यांसाठी असलेली जागा आजारामुळे बंद ठेवावी लागली. उघडल्यावरही काही काळ कुंडात बुडवणे थांबले, ओंजळीत पाणी देऊ लागले.

अलीकडचे एक प्रकरण मात्र जुन्याच माणसाचे आहे. जॅक ट्रेनर हा लिव्हरपूलचा आरमारी शिपाई. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत यंत्रतोफेच्या गोळ्यांनी त्याचा उजवा हात निकामी झाला. पुढे फेफरे येऊ लागले, शस्त्रक्रियांनी कवटीला भोक राहिले, पाय चालेनात. ब्रिटिश सरकारने त्याला कायमचा अपंग ठरवून पेन्शन बांधून दिली. १९२३ च्या जुलैत शेजाऱ्यापाजाऱ्यांचा विरोध असताना तो यात्रेबरोबर लूर्दला गेला आणि चालत परत आला. नंतर त्याने कोळशाच्या वाहतुकीचा धंदा काढला, स्वतः पोती उचलली, आणि ८ डिसेंबर १९४३ ला वारला. चर्चने त्याच्या बरे होण्याला मान्यता दिली ती २०२४ मध्ये, जुने वैद्यकीय अहवाल पुन्हा हाती आल्यावर. तारीख तीच, ८ डिसेंबर. पेन्शनखात्याने मात्र चमत्कार कधीच मानला नाही. एकदा असाध्य ठरलेला माणूस असाध्यच, अशा हिशेबाने तो दणकट कोळसेवाला मरेपर्यंत पूर्ण अपंगाची पेन्शन घेत राहिला.